खाकी घालून परक्या गावात : नायजेरियाच्या युवा सेवा दलाची पन्नास वर्षं

या मालिकेत आपण लढायांबद्दल बरंच बोलतो. आज लढाई संपल्यानंतर एका देशानं काय केलं, ते पाहू. देश आहे नायजेरिया. तिथं १९७३ पासून एक कायदा आहे. पदवी घेतलेल्या प्रत्येक तरुण-तरुणीनं एक वर्ष देशाची सेवा करायची, आणि तीही शक्यतो आपलं राज्य सोडून, दुसऱ्याच्या राज्यात. हेतू असा की एकमेकांचं रक्त सांडलेल्या लोकांची मुलं एकमेकांच्या गावात राहतील आणि देश जुळेल.

हेतू उत्तम होता, आणि दलानं बरंच कामही केलं. पण त्या मुलांपैकी काही घरी परतली नाहीत. कोणी धार्मिक दंगलीत गेलं, कोणी बॉम्बस्फोटात. काहींना रस्त्यात अडवून पळवून नेलं. म्हणून आज मला एकच प्रश्न तुमच्यापुढे मांडायचा आहे. सरकारनं लेखी हुकूम देऊन, गणवेश चढवून, हातात शस्त्र न देता ज्याला परक्या गावात पाठवलं, त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. नायजर आणि बेन्वे या दोन नद्या देशाच्या मध्यावर एकमेकींना मिळतात आणि एकच प्रवाह होऊन दक्षिणेला समुद्राकडे जातो. नद्यांच्या वर उत्तरेला हौसा आणि फुलानी, बहुसंख्य मुसलमान. खाली नैर्ऋत्येला योरुबा. त्यांच्यात मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच कुटुंबात सापडतात. आग्नेयेला इग्बो, बहुसंख्य ख्रिस्ती. मधल्या पट्ट्यात लहान लहान जमातींची गर्दी. सगळे मिळून अडीचशेहून अधिक समाज. इंग्रजांनी १९१४ साली उत्तर आणि दक्षिण एकत्र करून त्याचा एक प्रदेश बनवला. १ ऑक्टोबर १९६० रोजी हा देश स्वतंत्र झाला.

सहा वर्षांत घडी विस्कटली. जानेवारी १९६६ मध्ये काही तरुण मेजरांनी उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा आणि उत्तरेचे प्रमुख नेते अहमदू बेलो मारले गेले. कट करणाऱ्यांत बहुतेक इग्बो होते, आणि मेलेल्यांत उत्तरेचे बडे नेते. जुलैमध्ये उत्तरेच्या सैनिकांनी उलटा उठाव केला. तेव्हाचे लष्करी प्रमुख जनरल आगुई-इरोन्सी हे इग्बो होते. त्यांना ठार केलं आणि याकुबू गोवॉन सत्तेवर आले. वय अवघं एकतीस. त्याच वर्षी उत्तरेच्या शहरांत इग्बोंची कत्तल झाली. हजारो मेले, दहा लाखांहून अधिक लोक पूर्वेकडे पळाले.

ते मेलेले इग्बो कोण होते, हे नीट लक्षात ठेवा. रेल्वेतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, बाजारातले दुकानदार, शिक्षक. म्हणजे पोटापाण्यासाठी दुसऱ्याच्या मुलखात येऊन राहिलेले लोक. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर फिरते.

३० मे १९६७ रोजी लेफ्टनंट कर्नल ओजुक्वू यांनी पूर्वेचा प्रदेश 'बियाफ्रा' या नावानं वेगळा झाल्याचं जाहीर केलं. युद्ध अडीच वर्षं चाललं. नाकेबंदीमुळे गोळीपेक्षा भुकेनं जास्त माणसं मेली, त्यात लहान मुलं फार. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रानं शस्त्रं खाली ठेवली. रणांगणावर ती शरणागती घेणारे अधिकारी होते ओलुसेगुन ओबासांजो, पुढे नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष. युद्धाच्या आधी, १९६५ साली, ते आपल्याकडे वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि पुण्यात लष्करी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आले होते. काडुना शहरातली नायजेरियाची डिफेन्स अकादमी १९६४ मध्ये उभी राहिली तीही भारतीय लष्कराच्या मदतीनं. तिचे पहिले कमांडंट भारतीय होते, ब्रिगेडियर एम. आर. वर्मा. त्यामुळे नायजेरियन सैन्याच्या इतिहासाशी आपल्या फौजेचं नातं जुनं आहे.

युद्ध जिंकल्यावर गोवॉन यांनी जाहीर केलं की यात कोणी विजेता नाही आणि कोणी पराभूत नाही. हरलेल्यांची सरसकट फाशी-तुरुंग असा मार्ग त्यांनी धरला नाही. ते स्वतः मधल्या पट्ट्यातले, छोट्या जमातीतले, ख्रिस्ती, पण उत्तरेत झारियाला वाढलेले. दोन्ही बाजूंचा माणूस. याच धोरणातून २२ मे १९७३ रोजी २४ क्रमांकाचा फतवा निघाला आणि राष्ट्रीय युवा सेवा दल स्थापन झालं. विद्यापीठातल्या मुलांनी सुरुवातीला विरोध केला, मोर्चे काढले. तरी दल उभं राहिलं. पहिले संचालक कर्नल अहमदू अली, लष्करी डॉक्टर. आजही दलाचा प्रमुख सामान्यतः लष्करातला ब्रिगेडियर असतो.

कामाची पद्धत अशी. तिशीच्या आत पदवी घेतली की नाव नोंदवायचं. कुठलं राज्य ते सरकार ठरवतं. तिथं तीन आठवड्यांची छावणी. पहाटे बिगूल, मग कवायत, शिकवायला सैन्यातले उस्ताद. नवख्यांचा पाय चुकला की उस्ताद इंग्रजीत 'ॲज यू वेअर' असं ओरडतात, म्हणजे आपल्या परेड ग्राउंडवरचं 'जैसे थे'. तिथल्या तोंडात त्याचं 'अजुवाया' झालं आणि दलातल्या मुलांना लोक त्याच नावानं चिडवू लागले. छावणी संपली की शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी, कुठं तरी नेमणूक. आठवड्यातला एक दिवस गावाच्या कामासाठी. महिन्याला भत्ता, तो २०११ मध्ये १९,८०० नायरा झाला, २०२० मध्ये ३३,००० आणि अलीकडे ७७,०००. वर्षाच्या शेवटी संचलन आणि प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्राशिवाय चांगली नोकरी मिळणं कठीण. २०१८ मध्ये देशाच्या अर्थमंत्री केमी अडेओसुन यांना राजीनामा द्यावा लागला, तो सेवेतून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र बनावट निघालं म्हणून. एवढं त्या कागदाचं वजन.

पहिल्या तुकडीत जेमतेम अडीच हजार मुलं होती. आता वर्षाला तीन लाखांच्या वर जातात. खेड्यातल्या कित्येक शाळांत गणित आणि विज्ञान शिकवायला हीच मुलं असतात. कित्येक आरोग्य केंद्रांत डॉक्टर म्हणजे दलातला डॉक्टर. दुसऱ्या समाजाच्या राज्यात सेवा केलेल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं की अशा तरुणांना देशाबद्दल अभिमान जास्त वाटतो, दुसऱ्या समाजाची माहिती जास्त असते, आणि तिकडे जाऊन राहायची तयारीही जास्त असते. लग्नंही जुळली. म्हणजे गोवॉन यांची कल्पना हवेतली नव्हती. परक्यात वर्षभर राहिलं की माणूस बदलतो, हे खरं ठरलं.

मग बिघडलं कुठं?

सरकारनं मुलांना सांगितलं, सगळा देश तुमचा. पण त्याच देशात एक दुसरा नियम चालतो. तिथल्या प्रत्येक स्थानिक शासनाकडून 'मूळ रहिवासी' असल्याचा दाखला मिळतो. तो जन्मस्थानावर मिळत नाही. तुमचे पूर्वज तिथल्या मूळ समाजातले असावे लागतात. दाखला नसेल तर राज्याची नोकरी अवघड, शिष्यवृत्ती अवघड, काही ठिकाणी विद्यापीठाची फीसुद्धा जास्त. आजोबा त्या गावात जन्मले, तरी नातू 'बाहेरचा' असू शकतो. मग बावीस वर्षांचा मुलगा वर्षभरासाठी तिथं आला, तर तो कोण? कायद्यानं पाठवलेला पाहुणा, आणि दाखल्याच्या हिशेबात परका.

या नियमाचं सगळ्यात वाईट फळ दिसलं जॉस शहरात. गोवॉन यांच्याच मूळ राज्याची, प्लॅटो राज्याची, ही राजधानी. उंचावरचं, थंड हवेचं, कथिलाच्या खाणींमुळे वाढलेलं शहर. खाणीत काम करायला उत्तरेतून हौसा आले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बेरोम, अनागुता, अफिझेरे या तिथल्या मूळ जमाती, बहुसंख्य ख्रिस्ती. स्थानिक शासन कोणाच्या ताब्यात असावं आणि दाखला कोणाला मिळावा, हा मूळ झगडा. पण एका बाजूचे लोक मुसलमान आणि दुसऱ्या बाजूचे ख्रिस्ती, म्हणून प्रत्येक वेळी जळतात त्या मशिदी आणि चर्च. सप्टेंबर २००१ मध्ये मोठी दंगल झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये स्थानिक निवडणुकीच्या निकालावरून पुन्हा पेटलं आणि दोन दिवसांत सातशेच्या आसपास माणसं मेली. त्यात युवा दलातली मुलंही होती. त्यांचा ना त्या निवडणुकीशी संबंध, ना जमिनीशी. दंगलखोर ओळखपत्र तपासत नाही. तो नाव, भाषा आणि कपडे बघतो.

उत्तरेत १९९९-२००० पासून बारा राज्यांनी फौजदारी गुन्ह्यांसाठी शरियत लागू करायला घेतली, त्यानंतर वातावरण आणखी तापलं. काडुना शहरात फेब्रुवारी २००० मध्ये याच प्रश्नावरून दंगल होऊन हजाराहून अधिक लोक मेले. मैदुगुरीला मोहम्मद युसूफनं सुरू केलेली संघटना, जिला जग बोको हराम म्हणतं, २००९ मध्ये युसूफ पोलिसांच्या ताब्यात मारला गेल्यावर उघड बंडाला उतरली. अशा काळात दलाची मुलं त्याच राज्यांत, त्याच गणवेशात जात राहिली.

आणि मग आलं २०११. निवडणूक आयोगाचे अध्यक्ष प्राध्यापक अताहिरू जेगा यांना स्वच्छ निवडणूक घ्यायची होती. मतदान केंद्रांवर माणसं हवी होती. त्यांनी युवा दलाकडे पाहिलं. शिकलेली मुलं, गावात कोणाची भाची-पुतणी नाहीत, स्थानिक पुढाऱ्याच्या खिशात नाहीत. विचार योग्यच होता. पण त्यामुळे झालं काय, की गावात परका असणं हीच पात्रता ठरली, आणि निकालाच्या दिवशी तोच गुन्हा ठरला.

८ एप्रिलला, संसदेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, राजधानी अबुजाजवळच्या सुलेजा गावात आयोगाच्या कचेरीत बॉम्ब फुटला. मेलेल्यांत निवडणुकीच्या कामावर आलेली दलातली मुलं होती. १६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान झालं. दक्षिणेचे ख्रिस्ती गुडलक जोनाथन विरुद्ध उत्तरेचे मुसलमान मुहम्मदू बुहारी. बुहारी माजी जनरल. तेही आपल्या वेलिंग्टनला शिकून गेलेले. जोनाथन जिंकत असल्याच्या बातम्या पसरल्या आणि उत्तरेत लोक रस्त्यावर आले. आधी सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांची घरं, मग चर्च, मग ख्रिस्ती आणि दक्षिणी माणूस दिसेल तिथं. दलाच्या मुलांनी मतं फिरवली, अशी अफवा उठली. बाउची राज्यात दलाची दहा मुलंमुली मारली गेली. गियाडे गावात त्यांनी पोलीस ठाण्यात आश्रय घेतला होता. जमावानं ठाण्यावरच हल्ला केला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण अर्धा इतिहास सांगणं म्हणजे पुढच्या दंगलीला सरपण पुरवणं. त्याच दिवसांत काडुना राज्याच्या दक्षिण भागात, जिथं ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, तिथं झोन्क्वासारख्या गावांत मुसलमानांची कत्तल झाली. तीन दिवसांत बारा राज्यांत मिळून आठशेहून अधिक माणसं मेली, आणि त्यात मुसलमानांची संख्या मोठी होती. धर्म बदलला तरी दोन्हीकडे नियम एकच होता : जिथं आपण जास्त, तिथं परक्याला मारा. १९६६ मध्ये हेच घडलं होतं. ज्या रोगावर औषध म्हणून युवा दल काढलं, त्याच रोगानं दलाच्या मुलांना गाठलं.

मी आयुष्य फौजेत काढलं आहे, त्यामुळे मी या घटनेकडे एका विशिष्ट नजरेनं बघतो. नागरी प्रशासनाच्या मदतीला सैन्य बोलावलं जातं, तेव्हा मी जवान घेऊन दंगलग्रस्त भागात गेलो आहे. तिथं एक गोष्ट कळते. जमाव जमायला थोडा वेळ लागतो, मदत पोहोचायला बराच. मधल्या वेळात काय होईल, ते आधी केलेल्या तयारीवर ठरतं. दुसरी गोष्ट, गणवेशाची. जमाव गणवेशाला सरकार समजतो. सैनिकाच्या अंगावर तो असतो तेव्हा त्याच्यामागे शस्त्र असतं, सेक्शन असतं, वायरलेस असतो, आणि त्याला बाहेर काढायची योजना असते. युवा दलाच्या मुलीच्या अंगावर खाकी पँट आणि पायात जंगल बूट होते. बाकीचं काही नव्हतं. सरकारवरचा राग झेलण्याइतकी ती सरकारची होती. सरकारचं संरक्षण मिळण्याइतकी नव्हती.

आपल्याकडेही मतदान केंद्रांवर शिक्षक आणि कारकूनच बसतात. पण पथक बंदोबस्तात जातं, संवेदनशील भागात केंद्रीय दलं आधी पोहोचतात, आणि जोखीम जास्त म्हणून मतदान टप्प्याटप्प्यानं घेतलं जातं. ही व्यवस्था अनेक दशकांत, मार खात खात उभी राहिली. तिच्याशिवाय परक्या मुलांना मतपेटीजवळ बसवणं म्हणजे चौकी न बांधता पहारेकरी उभा करणं.

२०११ नंतर मृतांच्या कुटुंबांना भरपाई जाहीर झाली. दक्षिणेतल्या आईबापांनी मुलं उत्तरेत पाठवायला नकार द्यायला सुरुवात केली. मे २०१३ मध्ये बोर्नो, योबे आणि अदमावा या राज्यांत आणीबाणी लागली. बोर्नोची छावणी पुढं कित्येक वर्षं दुसऱ्या राज्यात भरवावी लागली. धोका आता दंगलीपुरता उरला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिणेतल्या अक्वा इबोम राज्यातून सोकोटोच्या छावणीला निघालेली आठ मुलंमुली वाटेत, झामफारा राज्यात, बंदुकधाऱ्यांनी पळवली. एकेक करून ती सुटली. सगळी सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. सेवा सुरूही झाली नव्हती. ती फक्त हजर व्हायला निघाली होती.

याचा परिणाम दलाच्या मूळ हेतूवर झाला. आजारपण, लग्न किंवा असुरक्षितता या कारणांवर बदली मागता येते. ज्याच्या घरी ओळख आहे त्याला लागोस किंवा अबुजा मिळतं, ही तक्रार तिथं वर्षानुवर्षं ऐकू येते. ज्याला ओळख नाही तो दूरच्या गावात जातो. म्हणजे देश जोडण्याचा धोका गरिबाच्या मुलानं घ्यायचा. २०२१ मध्ये दल बंद करण्यासाठी घटनादुरुस्तीचं विधेयक प्रतिनिधीगृहात आलं. मुलांच्या हत्या आणि अपहरणं हे त्यामागचं एक कारण होतं. दल अजून चालू आहे.

बंद करावं का? माझं मत, नाही. ज्या देशात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या मुलाला एका बराकीत झोपवणाऱ्या संस्था फार थोड्या आहेत, तिथं ही मोडली तर दुसरी उभी राहणार नाही. पण आहे तसं चालवणंही चूक आहे. फौजेत नेमणुकीच्या हुकमावर सही करणारा अधिकारी त्या माणसाच्या जिवाला बांधलेला असतो. तोच नियम इथं लागू व्हावा. कुठल्या तालुक्यात मुलं पाठवायची याचा निर्णय एका नाव-हुद्दा असलेल्या अधिकाऱ्यानं लिहून द्यावा आणि चुकला तर त्याला जाब विचारावा. छावणीपर्यंतचा धोक्याचा प्रवास सरकारनं बंदोबस्तात करावा, आईबापांच्या खिशावर आणि नशिबावर सोडू नये. प्रत्येक ठिकाणाहून मुलांना बाहेर काढायची योजना आधी तयार असावी आणि तिचा सराव व्हावा. निवडणुकीच्या कामाला पाठवायचं तर संरक्षण आधी पोहोचावं, मुलं नंतर.

आणि सगळ्यात अवघड काम कायद्याचं आहे. मूळ रहिवासी आणि बाहेरचा हा भेद सरकार स्वतः दाखल्यावर छापत असेल, तर खेड्यातल्या जमावाला दोष देऊन भागणार नाही. गोवॉन यांनी मुलांना परक्या राज्यात पाठवलं. पुढच्या सरकारांनी त्या राज्यांना 'परकं' राहू देऊ नये, एवढी अर्धी जबाबदारी उरली होती. ती पन्नास वर्षं 'जैसे थे' पडून आहे.

आपल्याकडेही अधूनमधून मागणी होते, की प्रत्येक तरुणाला एक वर्ष सक्तीची सेवा लावा, म्हणजे शिस्त येईल, एकी येईल. आपली राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे आणि ती ऐच्छिक आहे. सक्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी नायजेरियाचा हा इतिहास जरूर वाचावा. एकी होते, त्याचा पुरावा तिथं आहे. पण मराठी घरातली मुलगी अनोळखी राज्यातल्या अनोळखी तालुक्यात एकटी पाठवायची, तर तिथं गडबड झाल्यावर पहिल्या तासात तिच्या दारात कोण पोहोचणार, याचं उत्तर आधी कागदावर हवं. उत्तर नसेल तर हुकूम काढू नये.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.